भिजवलेला हुरडा

२० नोव्हेंबर १९९५, सोमवार

आज दोन घटना घडल्या. बंगळूरच्या बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरली आणि मराठी कवितेत मी अवतरलो. पहिल्या घटनेला गर्दी जास्त होती.

पुण्याहून विश्वासरावांचं पत्र आलं. ते प्रकाशक आहेत आणि माझा कवितासंग्रह काढायला ‘तत्त्वतः’ तयार आहेत. पंचवीस वर्षं मी लिहितोय. आजवर माझ्या कविता छापल्या फक्त इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाने, तेही कुकरची आणि पापडांची जाहिरात यांच्यामध्ये उरलेली जागा भरायला. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदारामागोमाग दौत-लेखणी घेऊन इकडे आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून घरात मराठी, दारात कन्नड. अशा घरातला मी, हयवदन, आता पुण्यात छापला जाणार. म्हणून आजपासून दैनंदिनी लिहायची. थोर लोक लिहितात म्हणे.

बातमी मी जत्रेतच वसुमतीला सांगितली. ती शेंगा मापून घेत होती. म्हणाली, ‘बरं झालं. ही पिशवी धरा.’ पंचवीस वर्षांच्या साधनेला बायकोकडून मिळालेली दाद ती एवढी. मी पिशवी धरली. पुढे नंदीच्या देवळात तिने दोन नारळ फोडले. दरवर्षी एकच फोडते. दुसरा कशाबद्दल ते विचारायचं राहून गेलं, कारण मी शेंगा खात होतो. गरम होत्या, टरफलाला अजून माती होती. वर्षातून एकदा मिळणारं हे सुख बातमीपेक्षाही चवदार निघालं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

२७ नोव्हेंबर

शेजारचा पद्मनाभ येऊन गेला. बँकेतून निवृत्त झालाय. स्वतः एक ओळ लिहीत नाही, त्यामुळे साहित्यावर अधिकाराने बोलतो. त्याचा सल्ला असा की कवितांचं पुढे बघू, आधी प्रकाशन समारंभाच्या फराळाचं ठरव. बंगळूरचा रसिक कॉफीच्या वासाने येतो आणि वास संपला की जातो. मी दुर्लक्ष केलं. तो वसुमतीच्या हातची कॉफी पिऊन, वास संपल्यावर गेला.

१२ डिसेंबर

‘तत्त्वतः’चा अर्थ आज कळला. विश्वासरावांना कविता मनापासून आवडल्या आहेत. फक्त त्यांतलं बंगळूर तेवढं काढायचं आहे.

पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर म्हणे चित्र उभं राहत नाही. तेव्हा जॅकरांडाच्या जागी गुलमोहर घालावा. शेंगांच्या जत्रेच्या जागी ग्रामदैवताची यात्रा. आनेकलच्या बसच्या जागी एस.टी. आणि ही अवरेकाई काय भानगड आहे? तिच्या जागी ‘आपल्या मातीतलं’ काहीतरी टाकावं.

मी उभ्या आयुष्यात पुण्याला एकदाच गेलो आहे, एका भाच्याच्या मुंजीला. ती माती आपली, मग जिच्यात रोज चपला मळतात ती कुणाची? उद्या सणसणीत उत्तर लिहितो. एक शब्द हलवणार नाही.

१४ डिसेंबर

सणसणीत उत्तर लिहिलं. फारच सणसणीत झालं, म्हणून पेटीत टाकलं नाही. तसं पाहिलं तर जत्रा काय नि यात्रा काय, गर्दी ती गर्दी. तेवढं बदललं.

१५ डिसेंबर

गुलमोहर हेही झाडच आहे.

१९ डिसेंबर

आनेकलची बस गेली, एस.टी. आली. आनेकल हे वसुमतीचं माहेर. तिला सांगितलेलं नाही. त्यात सांगायचं काय, बस ती बसच.

२२ डिसेंबर

धनुर्मास सुरू आहे. उजाडायच्या आत पूजा आणि नैवेद्याची हुग्गी, म्हणजे मूगडाळ-तांदळाची खिचडी, वर मिरी आणि तूप. आमच्या घरातलं एक माणूस पहाटे गार पाण्याने आंघोळ करून ओलेत्यानेच ती शिजवतं आणि दुसरं मिऱ्याच्या वासाने पांघरुणात जागं होतं. दुसरा कवी आहे. बाहेर धुकं, आत वाफ, ताटलीत तुपाचं डबकं. याच्यावर कविता करायला हवी होती. पण आता पुण्यात हुग्गी कुणाला कळणार, म्हणून नुसती खाल्ली.

२ जानेवारी १९९६

उरली फक्त अवरेकाई. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे तरी मला कुणी थांबवणार नाही.

थंडीत दव पडलं की या शेंगांना एक उग्र, तेलकट वास चढतो. इथले लोक त्याला सोगडू म्हणतात. हाताला लागला की दोन दिवस जात नाही. आनेकलहून वसुमतीचा भाऊ शेंगा पाठवतो. त्या सोलायच्या, दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहतं, आतली डाळ निसटते. त्या डाळीच्या साराला तोड नाही. आमचं लग्न झालं त्या थंडीत ती स्वयंपाकघरात हे करत बसली होती आणि मी दारात उभा राहून बघत होतो. तेव्हा लिहिलं:

रात्रभर भिजलेली अवरे.
तुझा अंगठा एकेकीला विचारतो,
निघतेस का?
ती निघते, पातेल्यात उडी घेते.
साल मागे राहतं
आनेकलच्या घरी खुंटीवर राहिलेल्या
तुझ्या परकरासारखं.

माझी ही एकच कविता वसुमतीला पाठ आहे. बाकीच्यांना ती ‘छान आहे’ म्हणते, म्हणजे ऐकलेल्या नसतात.

आज गांधी बझारच्या एस.टी.डी. बूथवरून विश्वासरावांना फोन लावला. म्हटलं, अवरेकाईच्या जागी वाल घालू का? किंवा पावटा? एकाच कुळातले आहेत. पलीकडून सुस्कारा आला. ‘वालात काव्य नाही हो. हुरडा घाला. हुरडा म्हटलं की वाचक विरघळतो.’

मी बरं म्हटलं. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी, एवढं मला ठाऊक आहे. खाल्लेला नाही, पाहिलेला नाही. पण मग कवीला कल्पनाशक्ती कशासाठी दिलेली असते? शब्दाला शब्द बसवला, आनेकलच्या घराचं ‘गावाकडचं घर’ केलं, बाकी कवितेला धक्का लागू दिला नाही. याला कौशल्य लागतं.

स्वच्छ प्रत करत होतो तेव्हा वसुमती समोरच बसून अवरे चिमटत होती. कुठली कविता, विचारलं तिने. म्हटलं, काही नाही, एक-दोन शब्द बदलतोय. म्हणाली, ‘कवितेत शब्दच तर असतात.’ वाक्य बरं आहे. कुठेतरी वापरीन.

९ मार्च

कचेरीच्या वाटेवर जॅकरांडा फुललाय. रस्ताभर जांभळा सडा. मी त्याचा गुलमोहर करून टाकल्यापासून त्याच्या खालून जाताना उगाच मान खाली घालून जातो. पुण्याहून बातमी नाही.

२१ एप्रिल

कैरीचा चित्रान्न भात झाला, दोनदा घेतला. पुण्याहून बातमी नाही.

२४ ऑगस्ट

मुद्रितं आली. मलपृष्ठावर विश्वासरावांनी लिहिलंय, ‘सह्याद्रीच्या कुशीत वाढलेली कविता.’ मी बंगळूरच्या लालबागच्या कुशीत वाढलो. कळवणार होतो, पण त्यांनी ‘अस्सल’ हे विशेषण तीनदा वापरलंय, आणि असं आपल्याबद्दल रोज कोण लिहितं? शिवाय सह्याद्री लांबलचक आहे, खाली कर्नाटकातूनही जातो. बंगळूरच्या बाजूने जात नाही ही त्याची चूक.

१४ डिसेंबर १९९६

पुस्तकं आली! लॉरीच्या कचेरीतून गठ्ठे रिक्षात घालून आणले. रिक्षावाल्याने विचारलं, कसलं सामान? मी म्हटलं, कविता. तो म्हणाला, ‘सरी, स्वल्प वर धरा, सीट फाटेल.’

मुखपृष्ठावर डोंगर, मावळता सूर्य आणि डोक्यावर घडा घेतलेली बाई. ही बाई कोण मला माहीत नाही. आमच्याकडे नळाला पाणी येतं.

वसुमतीने हात धुतले, पदराला पुसले, मग पुस्तक घेतलं. अर्पणपत्रिकेत तिचं नाव आहे ते वाचून हसली. मग एकेक पान उलटत गेली. काय शोधतेस, विचारलं तर तिने पुढचं पान उलटलं. एका पानावर थांबली, बराच वेळ. मग उठून पुस्तक देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. ‘चांगलं छापलंय,’ म्हणाली. आज सारात मीठ नव्हतं. आनंदात माणूस विसरतो.

२२ डिसेंबर

प्रकाशन समारंभ पाच जानेवारीला, मंडळाच्या सभागृहात. मंडळाचा सेक्रेटरी कृष्णात येऊन ठरवून गेला. हा मूळ कोल्हापूरकडचा, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा लेथचा कारखाना काढलाय, खिशात नवा मोबाइल बाळगतो आणि तो वाजावा म्हणून दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघतो. माणूस दिलदार आहे. मला काका म्हणतो, वसुमतीला काकू.

फराळाचं मी बघते, असं वसुमती आपणहून म्हणाली. आनेकलहून पोतंभर शेंगा मागवते आणि अवरेकाईचं उप्पिट्टू करते. मी म्हटलं, पुण्याचं पुस्तक आहे, बटाटेवडे शोभले असते. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी वर्तमानपत्र वाचायला घेतलं. ते कालचं होतं.

५ जानेवारी १९९७, रविवार

सभागृह भरलं. पद्मनाभच्या मते वासाने भरलं, कारण मागच्या खोलीत कढई चढली होती. मागच्या रांगांत आमची जुनी घरं, रेशमी काठाची उपरणी आणि मोगरे. पुढे कृष्णातच्या ओळखीची पुण्या-सोलापूर-कोल्हापूरकडची नवी मंडळी. माझ्या गळ्यात सुगंधराजाचा, म्हणजे निशिगंधाचा, एवढा मोठा हार घातला की पहिली कविता मी फुलांमधूनच वाचली.

शेवटी ‘ती’ कविता घेतली. ‘रात्रभर भिजलेला हुरडा. तुझा अंगठा एकेकाला विचारतो, निघतोस का?’ मागच्या रांगांनी माना डोलावल्या. आमच्या लोकांनी हुरडा कधी पाहिला आहे, ते कशालाही डोलावतील. पण पुढच्या रांगा एकमेकींकडे बघायला लागल्या. एक बाई तोंडाला पदर लावून हलत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

आभार मानायला कृष्णात उठला. वाईट हेतूने नव्हे, खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून त्याने विचारलं, ‘काका, एक इचारू? आमच्याकडं हुरडा आगटीत भाजत्यात. कणसं निखाऱ्यात घालायची, हातावर चोळायची, गरम गरम खायचा. तुमच्याकडं भिजवत्यात होय?’

सगळ्या पुढच्या रांगा हसल्या. मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता. हुरडा भाजतात. भाजतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या प्रकाशकाला माहीत नव्हतं, त्याच्या मुद्रितशोधकाला नव्हतं, सह्याद्रीच्या अख्ख्या कुशीत कुणाला माहीत नव्हतं. पानावर भिजत पडलेली ज्वारी आणि समोर तिला ओळखणारी माणसं, आणि मध्ये मी, हारासकट. धरणी दुभंगावी असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. वसुमती झारा हातात घेऊन उभी होती. पदर खोचलेला, चेहऱ्यावर काही नाही.

‘आमच्याकडं भिजवतात,’ ती म्हणाली. ‘रात्रभर. सकाळी चिमटून काढतात. या, खाऊन बघा.’

हसणं थांबलं. मंडळी उठून मागे गेली आणि खायला लागली. कृष्णातने तीनदा वाढून घेतलं. ‘काकू, ह्यो हुरडा एक नंबर हाय,’ म्हणत होता. इथून पुढे बंगळूरच्या नव्या मराठी माणसांत अवरेकाईला हुरडा म्हणतील. मी भाषेची ही एवढी सेवा केली आहे.

६ जानेवारी

काल रिक्षात मी वसुमतीला म्हटलं, वाचवलंस बाई. ती बाहेर बघत होती. आज दुपारी जेवणं झाल्यावर बोलली. न चिडता, भांडी आवरता आवरता.

‘त्या कवितेत मी होते. तुमच्या एवढ्या कवितांत एकाच कवितेत होते. तुम्ही मला उचलून त्या ज्वारीच्या शेतात नेऊन ठेवलंत. तिथं मी कुणाला ओळखत नाही.’

मी म्हटलं, अगं, शब्द बदलला नुसता. म्हटल्याबरोबर मलाच ऐकू आलं. एरवी मला प्रत्येक गोष्टीवर टोला सुचतो. आज लाज वाटली, सरळ लाज.

१४ जानेवारी

संक्रांत. वसुमतीने तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं यांचं मिश्रण केलं, साखरेचे हत्ती-घोडे पाडले, उसाचं कांडं घालून घरोघर वाटलं. पद्मनाभला दोन पुड्या. मला बशीतून दिलं. गोड बोलायचा सण आमच्या घरात न बोलता पार पडला.

१८ जानेवारी

पुण्याच्या पेपरात परीक्षण आलंय. विश्वासरावांनी कात्रण पाठवलं. ‘मातीशी नाळ जोडलेला कवी.’ पुढे लिहिलंय, ‘रात्रभर भिजलेला हुरडा ही प्रतिमा मराठी कवितेत प्रथमच येत आहे.’ खरं आहे. याआधी कुणाची छाती झाली नसेल.

विश्वासराव हवेत आहेत. दुसऱ्या आवृत्तीचं बोलतात. दोन फेब्रुवारीला पुण्याजवळ कुणाच्या तरी शेतावर त्यांनी हुरड्याची पार्टी ठेवली आहे. पुण्यातले सगळे मोठे लोक येणार, आगटीभोवती बसणार, आणि मी त्यांना ती कविता वाचून दाखवणार. निखाऱ्यात भाजलेला हुरडा खाता खाता ते भिजलेल्या हुरड्याला वाहवा म्हणतील, आणि कुणाच्याही काही लक्षात येणार नाही. छापून आलंय ना, मग झालं. जाण्या-येण्याचं तिकीट ते काढणार. पंचवीस वर्षं मी ज्या बोलावण्याची वाट पाहिली, ते हेच.

पद्मनाभ म्हणतो, विचार कसला करतोस, निघ. मी रुमाल-मोजे काढून ठेवले. वसुमतीने काही न विचारता माझा स्वेटर उन्हात टाकला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी ती पातेलं घेऊन बसली. मी दारात उभा राहिलो, नेहमीसारखा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत जाऊन समोर बसलो आणि एक दाणा उचलला.

इतक्या वर्षांत मी हे कधी केलेलं नाही. नुसतं लिहिलं. दाबला तर दाणा सालासकट चिरडला. दुसरा घेतला, तो सुटला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला जाऊन चिकटला. वसुमती हसली. पंधरा दिवसांनी हसली. म्हणाली, ‘ओढू नका. मागून स्वल्प दाबा, ती आपली आपण निघते.’ मी तिच्या हाताकडे बघितलं, या वेळेला नीट. दाबतं ते बोट. अंगठा काही विचारत नाही, तो नुसता धरून ठेवतो. आणि डाळ उडीबिडी घेत नाही, तळहातात हळूच येते, मग वसुमती पातेल्यात हात रिकामा करते.

म्हणजे मूळ कवितेतही माझं चुकलेलंच होतं. हुरडा व्हायच्या आधीपासून. मी म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, ‘कुणी माझ्यावर लिहिलं होतं. त्याला काय चुका काढायच्या?’

मला पुढचा दाणा दिसेना. डोळ्यांना सोगडू लागला असेल.

हात न धुताच उठलो आणि विश्वासरावांना पत्र लिहिलं. या वेळी सणसणीत नाही, साधं. हुरडा भाजतात. मी तो कधी खाल्लेला नाही, तुम्हीही नीट खाल्लेला दिसत नाही. पार्टीला येणार नाही, इथे अवरेकाईचा मोसम चालू आहे. दुसरी आवृत्ती काढायची तर आनेकलची बस, शेंगांची जत्रा, जॅकरांडा आणि अवरे यांच्यासकट काढा, आणि अंगठ्याची ओळ मी नव्याने लिहून पाठवीन. जमत नसेल तर नको.

ते ‘नको’ लिहायच्या आधी मी पेनात उगाच शाई भरून घेतली, हेही नोंदवतो. जमणार नाही हे मला माहीत आहे. पुण्याहून आता बातमी येणार नाही.

देव्हाऱ्यातल्या प्रतीत ते पान काढलं, हुरड्यावर शाईने काट मारली आणि वर अवरे लिहिलं. कागदावर तेलकट बोटं उठली. पत्रावरही उठली आहेत. पाकीट पुण्यात फोडतील तेव्हा विश्वासरावांना वास येईल. कसला ते त्यांना कळणार नाही.

वसुमतीने विचारलं, काय कळवलंत? मी पत्र वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘बरं झालं. हे पातेलं धरा.’

मी धरलं.